एसएसीडीचं दुकान काढणार असाल तर आधी हे वाचा

४,८९५ डॉलर. नकली डिस्कच्या सौद्यात मी एवढ्याला फसले. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "किती गेले?" हे विचारायला कुणाला संकोच नको. त्यातले ४,३२० मालाचे, ३१० वाहतुकीचे आणि २६५ "कागदपत्रं नव्याने करण्याचे". हे २६५ सगळ्यात जास्त झोंबतात, कारण ते मी कुरकुरही न करता भरले.

फक्त सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, ही साध्या सीडीपेक्षा बारकाईने आवाज साठवणारी डिस्क, विकणारं ऑनलाइन दुकान काढायचं, हे माझं जुनं खूळ. १९९९ साली सोनी आणि फिलिप्सने आणलेला हा प्रकार सीडीची जागा घेणार होता, ती काही त्याने घेतली नाही. पण वेड लागलेलं गिऱ्हाईक टिकून आहे. एखादी आवृत्ती संपली की पुन्हा निघेलच याची खात्री नसते, त्यामुळे जुना शिल्लक माल हेच या धंद्याचं खरं भांडवल, आणि ठगही नेमके तिथेच दबा धरून बसतात. मलाही एक विक्रेता भेटला: बंद पडलेल्या वितरकाच्या गोदामातला माल, सगळा सीलबंद, २४० डिस्क एकदम उचलल्या तर नग १८ डॉलरला. पुढचं नेहमीचंच. तीस टक्के आगाऊ, म्हणजे १,२९६. उरलेले ३,०२४ माल निघण्याआधी. आणि सगळं थेट बँकेतून, कारण कार्डाला म्हणे कमिशन पडतं. कार्ड नको म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. ते कमिशन म्हणजे तुमचा विमा असतो.

मी काही डोळे मिटून पैसे टाकले नाहीत. आधी नमुन्याच्या तीन डिस्क मागवल्या. युनिव्हर्सलने जपानमध्ये २०१० पासून काढलेल्या एसएचएम-एसएसीडी (खास प्लॅस्टिकच्या एसएसीडी), एकाच थराच्या, कडेला कागदी ओबी पट्टी. माझ्या प्लेअरवर 'एसएसीडी' ही अक्षरं उमटली. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावरचे बारीक क्रमांक भिंगाखाली पाहिले. तिन्ही अस्सल. आता कळतं की नमुना अस्सलच असणार. तीन खऱ्या डिस्क बाजारातून घेऊन पाठवायला त्याला असा किती खर्च आला असेल?

बाकीच्या का नाही फोडल्या, असं शहाण्यासारखं विचारणाऱ्यांना सांगते. या धंद्यात सील फोडलं की किंमत पडते. संग्राहकाला ते प्लॅस्टिक शाबूत हवं असतं. म्हणजे दुकानदार माल उघडून बघणार नाही, हे ठगाला आधीच ठाऊक असतं. म्हणून मी त्याला सांगितलं, ढिगातला कुठलाही एक डबा काढ आणि व्हिडिओ काढत फोड.

त्याने फोडला. तो व्हिडिओ मी आजही बघते आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. प्लॅस्टिक टराटरा फाटतं, ओबी बाजूला सरकते, डिस्क लॅपटॉपच्या ट्रेमध्ये जाते आणि पियानो सुरू होतो. मी खूश! काय स्वच्छ आवाज! अगं बाई, लॅपटॉपमधून आवाज आलाच कसा? एसएसीडीचा थर कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हला वाचताच येत नाही. हायब्रिड डिस्क वाजते ती तिच्यातल्या सीडीच्या थरामुळे. एकाच थराच्या डिस्कमध्ये तो थर मुळात नसतोच. ती लॅपटॉपमध्ये मुकी राहायला हवी होती. वाजली, म्हणजेच खोटी.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुकानाच्या माहितीपानावर मी स्वतः लिहिलं होतं की या डिस्क साध्या सीडी प्लेअरवर चालत नाहीत. पण बहुतेक एसएसीडी हायब्रिडच असतात, सगळीकडे वाजतात, डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. आणि माझं सगळं लक्ष प्लॅस्टिकवर आणि ओबीच्या छपाईवर. माझ्या जागी तुम्हीही तेच पाहिलं असतंत.

तर, व्हिडिओ मागाल तेव्हा वाजवून दाखवा म्हणू नका. डिस्क उलटी करून दिव्याखाली धरायला सांगा. माझ्याकडे आलेल्या मालाला पाठीमागून हिरवट झाक होती, घरच्या ड्राइव्हवर लिहितात त्या सीडी-आरची. कोरी एसएसीडी बाजारात मिळतच नाही. ती साच्यात दाबून बनवावी लागते, आणि तसे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. "आमच्याच कारखान्यात बनते" म्हणणारा भेटला तर हसून सोडून द्या.

गिऱ्हाइकाचा निरोप आला तेव्हा ३१ डिस्क विकल्या गेल्या होत्या. "प्लेअरवर नुसतं सीडी असं दिसतंय, असं का?" एवढंच त्याने विचारलं होतं. सगळ्यांचे पैसे परत केले, १,१७८ डॉलर. हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. विक्रीचं व्यासपीठ चालवणाऱ्यांनी मलाच नकली माल विकणारी ठरवून दुकान बंद केलं आणि माझे ६४० डॉलर अडकवले. दाद मागितली की दर वेळी तोच छापील मजकूर येतो, खाली "तुमचं समाधान झालं का?"

पोलिसांची तऱ्हा तर विचारूच नका. साहेबांनी डिस्क घेतली, कोपऱ्यातल्या जुन्या सीडी प्लेअरमध्ये सरकवली. पियानो सुरू.

"मॅडम, वाजतंय की!"

"अहो, वाजतंय हीच तर तक्रार आहे."

सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि एसएसीडीत एकेका बिटचे २८,२२,४००, असं समजावू लागले तर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बिल वाचलं. बिलावर "ऑडिओ डिस्क, २४० नग". मिळाले ना २४० नग? मग ही दिवाणी बाब, वकील गाठा. बिलावर प्रत्येक आवृत्तीचा कॅटलॉग क्रमांक आणि 'एसएसीडी' हा शब्द लिहून घ्या, नाहीतर कायदा तुमच्या डिस्क मोजतो आणि निघून जातो.

बँक म्हणाली, व्यवहाराला मंजुरी तुम्हीच दिली होती. तरी पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवते म्हणाली, त्याचे ४५ डॉलर. समोरच्या बँकेचं उत्तर आलं की खातेदाराची संमती लागेल. चोराची संमती! ज्या कंपनीच्या डिस्कची नक्कल झाली तिलाही लिहिलं. उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, उरलेला माल नष्ट करा. पोलिस म्हणतात पुरावा जपून ठेवा, पण जमा करून घेत नाहीत. २०९ खोट्या डिस्क घरात आहेत आणि त्यांचं काय करायचं हे कुठल्याही खिडकीवर कुणी सांगत नाही.

तो मनुष्य अजून धंद्यात आहे. नाव नवं, खातं नवं, भाव आता १५ डॉलर. व्हिडिओ मात्र तोच, लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यातलं एक बटण निखळलेलं आहे. आला तर उत्तर देऊ नका, खाते क्रमांक तेवढा टिपून मला पाठवा.