पाच तासांचं कॅम्पेन, आणि त्यात माझा निर्णय एकही नाही

शुक्रवारी रात्री या मिलिटरी शूटर गेमचं (सैनिक बनून गोळीबार करायचा व्हिडिओ गेम) कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, सुरू केलं आणि शनिवारी दुपारी शेवटचे क्रेडिट्स आले, तेही हार्डवर खेळून आणि मधे नीट झोप काढून, सगळे मिळून पाचेक तास. नाव लिहीत नाही कारण गेली कित्येक वर्षं बहुतेक मिलिटरी शूटरचं हेच चाललंय. पण यावेळी खरंच वाईट वाटलं, मी मल्टीप्लेअरवाला (इतरांशी ऑनलाइन खेळणारा) नाहीच, मला हेडफोन लावून एकट्याने कॅम्पेन खेळायचं असतं आणि त्यासाठीच घेतला होता.

पाच तास कमी आहेतच, पण खरा राग त्याचा नाही. टायटनफॉल २ (२०१६) चं कॅम्पेनही छोटंच होतं, तरी त्यात मनगटावरच्या यंत्राने भूतकाळात उडी मारायची आणि लगेच वर्तमानात परत यायचं अशी एक लेव्हल आहे, ती मी तीनदा खेळलोय. इथे पाच तासांत मी काय ठरवलं म्हणाल तर काहीच नाही.

दुसऱ्या मिशनमधलंच सांगतो. आपली टीम गोदामाच्या दारापाशी येते, दार माझ्या समोर आहे, हातात बंदूक आहे, पण दार उघडणार फक्त कॅप्टन आणि तो अजून मागे जिन्यात बोलत उभा. मी दारावर गोळ्या झाडून बघितल्या, ग्रेनेड टाकला, ओरखडासुद्धा नाही. मग तो आला, लाथ घातली, स्लो मोशन, आत चौघं, टिपले, चला पुढे. मरून परत आलो तरी तेच चौघं त्याच जागी, डावीकडचा त्याच टेबलामागे त्याच वेळी वाकतो. पुढच्या वेळी मी मुद्दाम एकही गोळी झाडली नाही तर कॅप्टनने एकट्यानेच सगळे संपवले. मग मला तिथे उभं कशाला केलंय?

बाजूच्या गल्लीतून वळसा घालून मागून जावं म्हटलं तर स्क्रीनवर 'मिशन एरियात परत या' आणि उलटी मोजणी सुरू. आणि ती जुनी खोड आहेच, तुम्ही एक न दिसणारी रेष ओलांडेपर्यंत शत्रू येतच राहतात, कितीही मारा संपत नाहीत, म्हणजे नीट कव्हर घेऊन विचार करून खेळणाऱ्यालाच शिक्षा.

२००१ च्या ऑपरेशन फ्लॅशपॉइंटमध्ये अख्खं बेट मोकळं होतं, कुठल्या टेकडीवरून जायचं ते आपण बघायचं आणि चुकलो तर आपली चूक. २००७ च्या क्रायसिसमध्ये एकच चौकी मी कधी गवतातून सरपटत घेतली, कधी सरळ जीप आत घुसवली, दरवेळी वेगळंच काहीतरी घडायचं.

आणि स्क्रिप्टच, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेले प्रसंगच, नकोत असं माझं म्हणणं नाही हां. त्याच वर्षीच्या कॉल ऑफ ड्यूटी ४ मधलं प्रिप्यातचं (चेर्नोबिलजवळचं ओसाड शहर) स्नायपर मिशन घ्या, तेही स्क्रिप्टेडच, पण गवतात पालथं पडून सैनिक अगदी अंगावरून जाताना श्वास रोखायला व्हायचं, आणि वाटेतल्या कित्येकांना मारायचं की गुपचूप जाऊ द्यायचं हे आपल्या हातात होतं. तेवढं जरी ठेवलं असतं तरी चाललं असतं.

बाकी बंदुकांचा आवाज जबरदस्त, ग्राफिक्स एक नंबर, पावसातली रात्रीची लेव्हल तर बघत राहावी अशी. मल्टीप्लेअर खेळणार असाल तर घ्या. फक्त कॅम्पेनसाठी घेणार असाल तर प्लीज थांबा, मोठ्या सेलमध्ये आला तरच बघा. ब्लॅक ऑप्स ४ (२०१८) आणि बॅटलफील्ड २०४२ (२०२१) मध्ये नेहमीसारखं सिंगल प्लेअर कॅम्पेनच नव्हतं, त्यामुळे कॅम्पेन आहे एवढ्यावरच मी खूश होऊन घेतला होता. आता अनइन्स्टॉल केलाय आणि क्रायसिस परत डाउनलोडला लावलाय.