कापडी ठकी आणि तिची कपड्यांची पिशवी: तिन्ही ऋतू वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बचत गटाच्या प्रदर्शनातून एक कापडी बाहुली आणि तिच्या कपड्यांची पिशवी घेतली. लेक तेव्हा नुकतीच चार वर्षांची झाली होती. आता उन्हाळा सरत आलाय. कुठल्या वेळी काय घालायचं हे मुलांना या खेळातून कळतं का, ते तिन्ही ऋतू बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता खात्रीने सांगते, कळतं. फक्त पिशवीत कपडे कोणते आहेत आणि ते अंगात कसे घालायचे आहेत, यावर सगळं अवलंबून आहे.

बाहुली हातभर लांबीची, हातपाय मऊ, केस लोकरीचे. आजीने बघताक्षणी तिचं नाव ठकी ठेवलं. जुन्या लाकडी ठकीचे कपडे तिच्या अंगावरच रंगवलेले असायचे, या ठकीचे मात्र सगळे काढता-घालता येतात. पिशवीत मलमलचा बिनबाह्यांचा फ्रॉक, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि लेंगा, पुढून बटणं असलेला लोकरी स्वेटर, कानटोपी, रेनकोट, परकर-पोलकं आणि रात्रीचे कपडे होते. एवढंच. आणि एवढेच पुरे झाले. प्रत्येक कपड्याला काहीतरी काम आहे, त्यामुळे निवडताना विचार करावाच लागतो. तीन सारखेच झगमगीत फ्रॉक असते तर फक्त रंगावरून निवड झाली असती.

सुरुवातीला पाऊस म्हटलं की ठकीला स्वेटर, कानटोपी आणि वरून रेनकोट असा सगळा पोशाख चढायचा. लहान मुलांच्या डोक्यात पाऊस आणि थंडी एकच असते. आम्ही चूक म्हणालो नाही. ठकीचे भिजलेले कपडे लेकीसोबत दोरीवर वाळत टाकले. पुण्यातली जुलैची हवा, ऊन नाही. मलमलचा फ्रॉक संध्याकाळपर्यंत सुकला, स्वेटर दुसऱ्या दिवशीही ओलाच होता. ती दर थोड्या वेळाने जाऊन हात लावून बघत होती. त्यानंतर ठकी पावसात निघाली की आत पातळ कपडा आणि वर रेनकोट, हे तिचं तिनेच ठरवलं. जाड कापड पाणी धरून ठेवतं हे मी कितीही वेळा सांगितलं असतं तरी इतकं पक्कं झालं नसतं.

हिवाळ्यात खरी मजा आली. आमच्याकडे जानेवारीत सकाळी शाळेला निघताना हुडहुडी भरते आणि दुपारी घरी येताना घाम फुटतो. एकच कपडा दोन्ही वेळा चालत नाही. ठकीला सकाळी बागेत न्यायचं आणि दुपारी उन्हात बसवायचं, असा खेळ लावून दिला. आधी नुसता स्वेटर घातला, मग दुपारी तो काढल्यावर ठकी उघडी पडली. तेव्हा आत सदरा आला. थर घालायची कल्पना चार वर्षांच्या मुलीला यातून समजली. पुढे स्वतःचा स्वेटर निवडतानाही ती डोक्यातून घालायचा बाजूला ठेवून पुढून उघडणारा मागू लागली, कारण तो शाळेत एकटीला काढता येतो.

संक्रांतीला भाच्याच्या बोरन्हाणात सगळ्यांनी काळं घातलं होतं, म्हणून ठकीलाही काळ्या खणाचं पोलकं शिवलं. ते इतकं आवडलं की एप्रिलमध्येही तेच हवं. मग काळ्या आणि पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे गच्चीवर उन्हात ठेवले आणि थोड्या वेळाने दोन्हींवर हात ठेवायला सांगितला. काळा चांगलाच तापला होता. संक्रांत थंडीत येते आणि काळं कापड ऊब धरतं, हे तिला तिथे हाताला समजलं. पोलकं घडी करून पुढच्या संक्रांतीसाठी ठेवलंय.

बाहुलीला स्वतःला ऊन लागत नाही, थंडी वाजत नाही, ही या खेळाची मोठी मर्यादा आहे. नुसतं ठकीला सजवत बसलं तर पोशाख पाठ होतील, पण गरमी-थंडी ओळखता येणार नाही. म्हणून ठकीचे कपडे निवडायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढून हवा बघायची, असा नियम केला. आणि दर वेळी दोन प्रश्न विचारायचे: ठकी कुठे निघालीय, आणि तिथे काय करणार आहे? घसरगुंडीवर जाणार असेल तर परकर पायात येतो. संध्याकाळी बागेत डास असतात, तेव्हा पूर्ण बाह्या बऱ्या. लग्नात परकर-पोलकं छान, पण त्यावरची जरी टोचते, म्हणून आत मऊ अस्तर हवं. मुलीच्या जातीने काय घालावं असला विषय आम्ही या खेळात येऊ दिला नाही. भाचाही तितक्याच आवडीने ठकीला तयार करतो.

कपडे घालण्याच्या सरावाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. माँटेसरी वर्गांत लाकडी चौकटींवर ताणलेलं कापड असतं, त्यावर मुलं बटणं, नाडी, हूक लावायला शिकतात. ती साधनं उत्तमच आहेत. बाहुलीत बटणाच्या जोडीला बाहीत हात घालणं, पुढची-मागची बाजू ओळखणं, उलटा कपडा सुलटा करणं हेही येतं. एक युक्ती खूप उपयोगी पडली. बाहुलीला समोर न ठेवता मांडीवर, पाठ आपल्याकडे करून बसवायचं. मग तिचा डावा हात मुलाच्या डाव्या बाजूला येतो आणि पुढची बटणं स्वतःच्या अंगावर असतात तशीच येतात. सुरुवात वेलक्रोपासून, मग मोठी टिचबटणं, मग काजाबटणं. नाडीची गाठ अजून जमत नाही, घाईही नाही.

याआधी मोबाइलवरचा बाहुली सजवण्याचा खेळ वापरला होता. त्यात बोट लावलं की कपडा अंगावर, बाही कधी अडकत नाही आणि बराचसा वेळ मेकअपमध्ये जातो. चुंबकाचे कपडे असलेली लाकडी बाहुली प्रवासात चांगली, पण त्यात फक्त समोरची बाजू असते. सुमारे २९ सेंटिमीटर उंचीची फॅशन बाहुलीही घरात आहे; तिच्या अरुंद बाह्यांत हात घालायला मोठ्या माणसाची बोटं लागतात, त्यामुळे मूल कपडे आपल्याकडेच आणून देतं.

तक्रारी आहेत. रेनकोटची शिवण काखेत लवकर उसवली. वेलक्रोत ठकीचे लोकरी केस अडकतात, तो बंद करून धुतला नाही तर कचरा धरतो. पोलक्याचा रंग पहिल्या धुण्यात गेला. बूट पायात राहत नाहीत. बाहुली पाण्यात बुडवू नका, आतला कापूस पावसाळ्यात सुकत नाही आणि वास धरतो. ओल्या फडक्याने पुसणं बरं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर छोटी बटणं आणि मणी काढून वेलक्रो लावा, ती तोंडात जातात.

तयार पिशवी मिळाली नाही तर अडून राहू नका. जुने मऊ कपडे आणि बाहुलीचं माप शिंप्याकडे द्या. गळा मोठा, बाह्या सैल आणि बटण पुढून, हे आवर्जून सांगा. पहिल्यांदा पातळ फ्रॉक, पुढून उघडणारा स्वेटर, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रेनकोट एवढंच शिवून घ्या. सणाचे कपडे मागाहून करता येतात.