क्यूएमूमधलं इंटरप्ट हँडलिंग: टीसीजी शोधायला, केव्हीएम पळवायला

स्वतःचा छोटा कर्नल लिहिणारे, नाहीतर एखाद्या बोर्डाचं डिव्हाइस मॉडेल बनवणारे, अशांसाठी क्यूएमूचा (QEMU, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) हा रिव्ह्यू आहे. नुसती एखादी ओएस इन्स्टॉल करून बघायची असेल तर आत इंटरप्टचं (प्रोसेसरला हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारा इशारा) काय होतं याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, ते आपोआप चालतं.

आधी मत सांगून टाकतो. क्यूएमू वरून एकच सॉफ्टवेअर दिसत असलं तरी इंटरप्टपुरती त्यात दोन वेगवेगळी मशिनं आहेत, एक टीसीजी आणि दुसरं केव्हीएम, आणि एकावर कर्नल नीट चालला म्हणून दुसऱ्यावर चालेलच असं अजिबात धरू नका. हे कळेपर्यंत लोक भलत्याच ठिकाणी बग शोधत बसतात.

टीसीजी म्हणजे फाब्रिस बेलार्डने २००३ मध्ये सुरू केलेल्या क्यूएमूचा सॉफ्टवेअरवाला भाग. हा गेस्टचा (आत चालणाऱ्या मशीनचा) कोड तुकड्या-तुकड्याने होस्टच्या (खऱ्या कॉम्प्युटरच्या) कोडमध्ये बदलतो, त्या तुकड्याला ट्रान्सलेशन ब्लॉक म्हणतात, आणि ब्लॉक एकमेकांना जोडून ठेवतो म्हणजे दर वेळी मेन लूपमध्ये परत यायला नको. खरा प्रोसेसर प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या शेवटी इंटरप्ट आलाय का बघतो, टीसीजी मात्र ब्लॉक सुरू होताना एक फ्लॅग बघतो, म्हणजे दारावरची बेल वाजली तरी हातातला परिच्छेद संपवूनच उठणार असा प्रकार. पूर्वी तर इंटरप्ट आला की ब्लॉकची साखळी चालू असतानाच तोडायची पद्धत होती आणि त्यात रेस कंडिशनच्या (दोन गोष्टी एकाच वेळी घडून क्रम चुकण्याच्या) भानगडी होत्या. आताची फ्लॅगची पद्धत थोडा वेग खाते पण भरवशाची आहे, माझ्या मते सौदा चांगला आहे.

बारकावेही बऱ्यापैकी सांभाळलेत. उदाहरणार्थ एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी इन्स्ट्रक्शन) दिल्यावर इंटरप्ट लगेच चालू होत नाहीत, पुढची एक इन्स्ट्रक्शन जाऊ द्यावी लागते, आणि म्हणूनच एसटीआयच्या पाठोपाठ एचएलटी (पुढचा इंटरप्ट येईपर्यंत प्रोसेसरला झोपवणारी इन्स्ट्रक्शन) लिहायची पद्धत सुरक्षित आहे, नाहीतर मधल्या फटीत इंटरप्ट येऊन जायचा आणि प्रोसेसर झोपूनच राहायचा. टीसीजी हे बरोबर करतो.

पण टीसीजीची खरी मजा लॉगमध्ये आहे. डी ऑप्शनला इंट (-d int) दिलं की प्रोटेक्टेड मोडमधला प्रत्येक इंटरप्ट आणि एक्सेप्शन (प्रोसेसरने स्वतःच पकडलेली चूक) वेक्टर नंबर (तो कुठला आहे ते सांगणारा क्रमांक), एरर कोड आणि सगळ्या रजिस्टरसकट छापून येतो, सोबत नो-रीबूट दिलं की ट्रिपल फॉल्टनंतर (चूक हाताळताना पुन्हा पुन्हा चूक होऊन प्रोसेसर हात टेकतो तो) मशीन गरगर रीस्टार्ट न होता क्यूएमूच बंद होतं. वेक्टर १४ (पेज फॉल्ट), मग ८ (डबल फॉल्ट), मग रीसेट अशी रांग दिसली की समजायचं पेज फॉल्टचा हँडलरच गंडलाय. एक सावधगिरी मात्र ठेवा, नुसता ८ दिसला की डबल फॉल्ट म्हणून ओरडू नका, कारण ८२५९ पिक (डिव्हाइसचे इंटरप्ट प्रोसेसरकडे नेणारी जुनी चिप) रीमॅप केला नसेल तर टायमरचा आयआरक्यू शून्यसुद्धा वेक्टर ८ वरच येतो (बायॉसच्या जमान्यातली देणगी, म्हणून तर सगळे ३२ पासून पुढे रीमॅप करतात). आधी लॉगमध्ये चेक एक्सेप्शनची (check_exception) ओळ आहे का बघा, नसेल तर तो बिचारा टायमर आहे. लॉगच्या सुरुवातीला एसएमएमचा (बायॉससारख्या फर्मवेअरसाठीचा प्रोसेसरचा खास मोड) ढीगभर कचरा येतो तो वैताग आहे, मशीन ऑप्शनमध्ये एसएमएम ऑफ केलं की जातो.

आता केव्हीएम. हे २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत कर्नलमध्ये आलं आणि इथे गेस्टचा कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर पळतो, त्यामुळे वेग जबरदस्त पण तो लाडका लॉग इथे मिळत नाही, इंटरप्ट हार्डवेअरच पोचवतं तर क्यूएमूला कळणार कुठून! गेस्टने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर केव्हीएम प्रोसेसरला सांगून ठेवतं की दार उघडलं की मला कळव, मग गेस्टमध्ये परत शिरताना इंटरप्ट आत ढकलतं. नव्या प्रोसेसरवर इंटेलचं एपिक-व्ही किंवा एएमडीचं एव्हिक (इंटरप्ट थेट गेस्टला पोचवणारी हार्डवेअरची सोय) असेल तर बऱ्याचदा गेस्टमधून बाहेर पडायचीही गरज लागत नाही. काय चाललंय ते बघायला होस्टवर पर्फ केव्हीएम स्टॅट वापरा, कुठल्या कारणाने किती वेळा एक्झिट (गेस्टमधून बाहेर पडणं) झाली ते कळतं.

कर्नल-आयआरक्यूचिप नावाचं सेटिंग इथे महत्त्वाचं. ऑन म्हणजे पिक, आयओ-एपिक आणि लोकल एपिक (पिकनंतरचे इंटरप्ट कंट्रोलर) तिन्ही होस्टच्या कर्नलमध्ये, ऑफ म्हणजे सगळं क्यूएमूच्या प्रोसेसमध्ये आणि मग साध्या ईओआयलाही (इंटरप्ट हाताळून झाल्याची पोच) युजरस्पेसची वारी, स्प्लिट म्हणजे फक्त लोकल एपिक कर्नलमध्ये. व्हर्च्युअल आयओएमएमयूमध्ये (डिव्हाइसच्या मेमरी वापरावर नियंत्रण ठेवणारा भाग) इंटरप्ट रीमॅपिंग हवं असेल तर ऑन चालत नाही, स्प्लिट घ्यावं, बाकीच्यांनी ऑनला हात लावू नये. क्यू३५ मशीनसाठी (क्यूएमूमधलं एक पीसी मॉडेल) क्यूएमू ४.० मध्ये स्प्लिट डिफॉल्ट केलं होतं आणि ४.१ मध्ये परत ऑनवर आणलं, यावरून काय ते समजा.

टायमरचं दुखणं वेगळंच. होस्ट बिझी असला की गेस्टच्या प्रोसेसरला वेळच मिळत नाही, टिक (टायमरचे ठराविक वेळाने येणारे इंटरप्ट) साचतात, आणि मग ते सोडून द्यायचे की नंतर भरून काढायचे हा प्रश्न, त्यासाठी लॉस्ट टिक पॉलिसी आणि विंडोज गेस्टसाठी ड्रिफ्टफिक्स स्ल्यू असे ऑप्शन आहेत. टिक मोजून घड्याळ चालवणारा कर्नल असेल तर इथे मार खाणारच. टीसीजीमध्ये आयकाउंट लावलं की वेळ इन्स्ट्रक्शनच्या मोजणीवर चालते, रेकॉर्ड-रीप्ले करून तोच बग हवा तितक्यांदा काढता येतो, ही सोय मला क्यूएमूमधली सगळ्यात भारी वाटते. फक्त मल्टिथ्रेडेड टीसीजी तेव्हा बंद होतो, म्हणजे स्लो.

डिव्हाइस मॉडेल लिहिणाऱ्यांसाठी: क्यूएमूमधली आयआरक्यू लाइन म्हणजे निव्वळ फंक्शन कॉल आहे, लेव्हल लक्षात ठेवणारं कुणी नाही. दोन डिव्हाइस एकाच इनपुटला थेट जोडलीत तर एकाने लाइन खाली केली की दुसऱ्याचा इंटरप्ट गायब. मधे ओआर गेटचं (एकही इनपुट चालू असेल तरी आउटपुट चालू ठेवणारं) मॉडेल टाकायचं, ते तयार मिळतं. हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक असायला हवं होतं, याचे मार्क कापतो.

शोधायला टीसीजी १० पैकी ९, पळवायला केव्हीएम ८. आणि आयडीटीमधली (कुठल्या वेक्टरला कुठला हँडलर ते सांगणारं टेबल) एंट्रीच चुकीची आहे असा संशय असेल तर आधी बॉक्स (Bochs) या दुसऱ्या एम्युलेटरवर चालवा, स्लो आहे पण डीबगर आतच आहे, इन्फो आयडीटी म्हटलं की टेबल समोर येतं आणि गेट डिस्क्रिप्टर का चालत नाही तेही लॉगमध्ये सरळ लिहून येतं.