‘कँटरव्हिलचे भूत’ : आठ महिन्यांच्या श्रवणानंतर

अलेक्झांडर क्नाइफेल यांच्या ‘कँटरव्हिलचे भूत’ या रशियन चेंबर ऑपेराचे (मोजक्या गायक-वादकांसाठी रचलेल्या संगीत-नाटकाचे) ध्वनिमुद्रण मी गेले आठ महिने ऐकत आहे. संचालन मिखाईल युरोव्स्की यांचे असून भुताची भूमिका सर्गेई लाइफर्कुस आणि व्हर्जिनियाची तात्याना मोनोगारोवा यांनी गायली आहे.

हा ऑपेरा ज्या कथेवर आधारलेला आहे, ती ऑस्कर वाइल्ड यांची १८८७ सालची कथा मला जवळजवळ पाठ असल्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे मी या संगीतात विनोदच शोधत राहिलो. भुताने झपाटलेल्या जुन्या इंग्रजी वाड्यात राहायला आलेले अमेरिकन ओटिस कुटुंब तिथला रक्ताचा डाग बाजारातल्या डाग काढणाऱ्या कांडीने पुसून टाकते, भुताला साखळ्यांसाठी वंगणाची बाटली देते, आणि बिचारे भूत ओटिसांच्या मुलीचे, व्हर्जिनियाचे, रंग चोरून डाग पुन्हा रंगवते. लाल रंग संपल्यावर तो डाग हिरवासुद्धा होतो. हे सारे वाचताना मी नेहमी ओटिस मंडळींच्या बाजूने हसत आलो होतो, पण लाइफर्कुस यांचा धारदार, प्रत्येक शब्द स्वच्छ उमटवणारा आवाज ऐकता ऐकता मी नकळत भुताच्या बाजूला गेलो.

हे संगीत १९६५-६६ मधले आहे. हाताच्या दुखण्यामुळे प्रसिद्ध चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्याकडचे चेलोचे शिक्षण सोडावे लागलेले क्नाइफेल तेव्हा लेनिनग्राडमध्ये रचनाशास्त्र शिकत होते. ‘अग्नुस देई’ ही सुमारे दोन तास चालणारी, अत्यंत संथ अशी त्यांची १९८५ ची रचना ज्यांनी आधी ऐकली असेल, त्यांना बाविशीतल्या या संगीतकाराची नाट्यदृष्टी चकित करील.

मला रशियन येत नाही आणि माझ्या प्रतीसोबत संहितेचा अनुवाद नव्हता, ही मोठीच अडचण होती. प्रत्येक वेळी कथा शेजारी उघडून ठेवूनच मला प्रसंग जुळवता आले; ज्यांनी कथा वाचलेली नाही, त्यांनी आधी ती वाचल्याशिवाय हे ऐकू नये असे मी आवर्जून सांगेन. हळुवार भाग रस्त्याच्या आवाजात हरवतात, म्हणून मी रात्री हेडफोन लावूनच ऐकतो.

भूत आणि व्हर्जिनिया समोरासमोर येतात, तो या ऑपेराचा गाभा आहे. तीनशे वर्षे झोप न लागलेला एक जीव एका मुलीकडे मरणाची शांती मागतो, हे कथेत मी घाईने वाचून पुढे जात असे. गेल्या महिन्यात हा प्रवेश ऐकून झाल्यावर कथेतला हिरव्या डागाचा प्रसंग पुन्हा वाचला, तेव्हा मला प्रथमच हसू आले नाही.