समुद्री मासे म्हणून गोड्या पाण्यातले सिक्लिड गळ्यात मारले

गोव्यात मत्स्यालयासाठी समुद्री मासे घेणार असाल तर आधी हे वाचा. मडगावच्या एका विक्रेत्याने मला पिवळेधमक मासे 'खाऱ्या पाण्यातले' म्हणून बाराशे रुपयांना एक या भावाने विकले. ते निघाले लॅबिडोक्रोमिस, आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड (माशांचं एक कुळ, बहुतेक गोड्या पाण्यातलं). इतर दुकानांत हेच शे-दीडशेला मिळतात.

त्याचं बोलणं पटण्यासारखंच होतं. "बाब, आपली काळुंदर खाडीत राहते ना? ती पण सिक्लिडच. हे तिचेच भाऊबंद." काळुंदर (पर्लस्पॉट मासा) सिक्लिड आहे हे खरं. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीजवळ, म्हणजे पाण्याच्या झडपेजवळ, मचूळ पाण्यात ती छान वाढते. मोझांबिक तिलापिया हा दुसरा सिक्लिड तर हळूहळू सवय झाली की समुद्राच्या पाण्यातही जगतो. पण मलावी हे गोड्या पाण्याचं सरोवर. पाण्याचा सामू (pH) आठच्या आसपास, मीठ मात्र नावापुरतं. याच घोळाचा फायदा घेऊन पैसे उकळले जातात.

त्याने सांगितलं तसंच, त्याच्याकडूनच घेतलेलं मीठ लिटरला 35 ग्रॅम घालून मी पाणी तयार ठेवलं होतं. संध्याकाळी मासे सोडले. रात्रीपर्यंत कल्ले जोरजोरात हलू लागले, मग एकेक मासा कुशीवर कलंडला. सकाळी सगळे मेलेले. गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर आत शिरणारं जादा पाणी बाहेर टाकायला घडलेलं असतं. खाऱ्या पाण्यात उलट अंगातलंच पाणी ओढलं जातं, आणि मासा पाण्यात असून कोरडा पडून मरतो. पैशांपेक्षा मला या हालांची चीड जास्त आहे.

जाब विचारला तर "जिवंत मालाला गॅरंटी नसते" म्हणत त्याने हात वर केले. बिलावर नुसतं 'फिश'. सोबतच्या जाणकार मित्राने विक्रेत्याच्या टाकीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) घेतलं. क्षारता शून्य! वर निळा दिवा, तळाला पोवळ्याचे तुकडे आणि पाणी नळाचं.

म्हणून मासा निवडण्याआधी दुकानातल्या टाकीचं पाणी समोर मोजायला लावा. समुद्री टाकीत घनता 1.020 ते 1.025 च्या दरम्यान हवी. टाळाटाळ केली तर तिथून निघा. बिलावर माशाचं पूर्ण नाव आणि 'खाऱ्या पाण्यातला' असं लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथे तक्रार करताना हेच बिल कामी येतं.