जिल्हा रुग्णालयातली मानसिक आरोग्याची ओपीडी, १४४१६ हेल्पलाइन आणि गावातली सोबत: आमच्या घरचा अनुभव

सरळ सांगते, ज्यांच्या घरात कुणी महिनोन्‌महिने नीट झोपत नाही, ताटावर बसतंय पण घास उतरत नाही, शेतात जाऊन बांधावर नुसतं बसून राहतंय, आणि घरचे "टेन्शन घेतलंय, होईल ठीक" म्हणत दिवस ढकलायलेत, त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीला जावंच. पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो जागेसाठी आणि जाण्यायेण्याच्या त्रासासाठी, तिथल्या माणसांसाठी नाही.

आम्ही लातूर-बीडच्या हद्दीवरचे. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पेशंट माझे दीर आहेत आणि आमच्याकडं तालुक्याचं नाव घेतलं तरी माणूस ओळखू येतो. भाऊजींना विचारूनच लिहायलेय, ते म्हणाले लिहा वहिनी, कुणाला तरी कळू द्या.

२०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, सीना सगळ्याच नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. आमचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, जे राहिलं ते काळं पडलं, मोंढ्यात आडत्यानं हातात घेऊन परत पोत्यात टाकलं. भाऊजी आधी चिडचिड करायचे मग एकदम गप्प झाले. पहाटे तीनला जाग यायची ती सकाळपर्यंत. आत्याबाई म्हणायल्या बाहेरचं काहीतरी असंल, मामा म्हणायले पोरगं आळशी झालंय. उतारा झाला, सैलानीच्या दर्ग्याला पण जाऊन आले. मी त्यावर काही बोलत नाही, श्रद्धेनं आत्याबाईंना धीर आला हे मी डोळ्यानं बघितलंय आणि ओपीडीतल्या डॉक्टरांनी पण तेच सांगितलं की देवाला जा, दर्ग्याला जा, फक्त गोळी बंद करू नका. इतकं समजून बोलणारा डॉक्टर भेटला म्हणून आत्याबाई पुढच्या वेळी स्वतःहून सोबत आल्या.

त्याआधी एका खासगी दवाखान्यात नेलं होतं (नाव लिहीत नाही), तिथं पाच मिनिटांत चिठ्ठी झाली आणि कशासाठी गोळी, किती दिवस, काहीच सांगितलं नाही. भाऊजींनी चार दिवस घेतल्या, तोंड कोरडं पडायलंय म्हणून फेकून दिल्या. सगळे खासगी असे नसतात, लातूर, नांदेड, संभाजीनगरला चांगले मनोविकार तज्ज्ञ आहेत, पण कन्सल्टिंग, गोळ्या, गाडीभाडं धरलं तर ज्याचं पीक गेलंय त्याला ते झेपत नाही एवढंच.

आता ओपीडीचं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणून सरकारची योजना आहे, १९९६ पासूनची, त्याची टीम जिल्हा रुग्णालयात बसते. मला वाटायचं एक डॉक्टर असंल न्‌ रांग असंल. पण तिथं मनोविकार तज्ज्ञ आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत, सोशल वर्कर आहेत, त्यासाठीच नेमलेल्या सिस्टर आहेत. पहिल्यांदा सोशल वर्कर मॅडमनी आम्हाला बाहेर बसवून भाऊजींशी एकटं बोलणं केलं, मग आम्हाला आत घेतलं. झोप किती, भूक कशी, दारू किती, कर्ज किती, आणि मग अगदी साध्या आवाजात "जीव नकोसा वाटतो का, काही करून घ्यावं असं मनात येतं का" असं थेट विचारलं. आम्ही घरातले सगळे हा प्रश्न टाळत होतो, वाटायचं विचारलं तर डोक्यात भरंल. मॅडम म्हणाल्या विचारल्यानं कुणाच्या डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. भाऊजी तिथं पहिल्यांदा रडले. ते रडले म्हणून मला बरं वाटलं, खरंच.

रक्त पण तपासलं, थायरॉईड बघितला, कारण थायरॉईड बिघडला तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो म्हणे. मग डॉक्टरांनी डिप्रेशन आहे असं सांगितलं आणि गोळ्यांचं नीट समजावलं: झोप आधी सुधारंल, मनावरचा फरक पडायला दोन ते चार आठवडे जातात, पहिल्या दिवसांत मळमळ, तोंड कोरडं पडणं, डोकं जड होणं होऊ शकतं, घाबरून सोडू नका, आणि बरं वाटलं की लगेच पण सोडू नका, पुढं काही महिने घ्याव्याच लागतात, बंद करायच्या तर आम्ही हळूहळू कमी करून देऊ. ही एवढी गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर त्या पहिल्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या नसत्या.

पैशाचं लिहिते कारण सगळे आधी तेच विचारतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत आहे, आमचा एक रुपया गेला नाही. मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वेगळ्या खात्याची, तिथं थोडेफार लागतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं, नांदेडचं, संभाजीनगरची घाटी, सगळीकडं मानसोपचार विभाग आहे. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला तर वृद्धांसाठी आणि मानसिक आजारासाठी वेगळं केंद्रच आहे. आमच्या भागातल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नाही, सगळ्यांच्या डोक्यात एकच, येरवडा. राज्यातली जुनी चार मोठी मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला, मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नव्हतं, जालन्याचं आत्ता कुठं मंजूर झालंय. पण बहुतेकांना ॲडमिट करायची गरजच पडत नाही, भाऊजी एक दिवस पण ॲडमिट नव्हते.

आता एक स्टार का कापला. खोली लहान, दाराला पडदा, बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्याला आतलं ऐकू जातं. बाई माणसानं तिथं सासरचं काय सांगायचं? मी बघितलंय, बायका सासू बाहेर बसलीय म्हणून "डोकं दुखतं" एवढंच सांगून येतात. पाटी पण सापडत नाही, आम्ही डोळ्याच्या ओपीडीपासून दाताच्या ओपीडीपर्यंत फिरलो, शेवटी केसपेपरवाल्या दादानं हात धरून नेलं. कधी एखादी गोळी शिल्लक नसते, मग पंधरा दिवसांच्या ऐवजी आठ दिवसांची मिळते न्‌ परत यष्टीनं यावं लागतं, त्यात एक दिवसाची मजुरी बुडते. टीम ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात पण येते, ते लई चांगलं आहे, पण तो दिवस गावात कुणाला ठाऊक नसतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक ओळ लिहिली तरी किती जणांचं भाडं वाचंल. आम्ही आता आमच्या आशाताईला सांगून लिहून घेतो.

१४४१६ बद्दल. हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, केंद्र सरकारचा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मी एका रात्री भाऊजी घराबाहेर जाऊन बसले होते न्‌ माझा धीर सुटला होता तेव्हा लावला. पेशंटनंच करावा असं काही नाही, घरच्यानं केला तरी चालतो. पलीकडच्या बाईंनी आधी भाऊजी आत्ता कुठंयत, जवळ कोण आहे, घरात फवारणीचं औषध कुठं ठेवलंय हे विचारलं. ते औषध आणि कुलपाची चावी दोन्ही घरातून हलवा म्हणाल्या, आमच्या शेजारच्या काकांकडं ठेवलं दुसऱ्या दिवशी. हे मी सगळ्यांना सांगते, आपल्याकडं मोनोक्रोटोफॉससारखं औषध ओसरीत कोनाड्यात पडलेलं असतं, वाईट वेळ अर्ध्या तासाची पण असू शकते, तेवढ्यात हाताला ते लागलं नाही तर माणूस वाचतो. फोनवरची बाई तुमच्या घरी येऊ शकत नाही हे लक्षात ठेवा, जिवावरचं असलं तर १०८ ला किंवा ११२ ला लावा. आणि कुणी काही करून घेतलंच तर पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, मे २०१८ पासून लागू, त्यात असं माणूस ताणाखाली होतं असंच धरायचं आणि त्याला उपचार द्यायचे असं लिहिलंय, नव्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं ते जुनं ३०९ कलमच राहिलं नाही. आमच्या पाहुण्यांत असा एक उशीर झालाय, म्हणून हे जीव तोडून लिहायलेय.

खरं सांगायचं तर गोळ्या आणि डॉक्टर मिळून काम निम्मं. बाकीचं निम्मं सोबतीचं. पहिल्या तारखांना मी किंवा आमचे हे सोबत गेलो, पण खळं, शाळा, गुरं सोडून दर वेळी कोण जाणार. तेव्हा गावातले भजनी मंडळातले एक आप्पा पुढं आले, म्हणाले मला बी तिकडंच बीपीच्या गोळ्या आणायच्यात, मी नेतो. त्यांनी कधी उपदेश केला नाही, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं म्हणाले नाहीत, यष्टीत बसायचं, चहा प्यायचा, नंबर लागला की आत सोडायचं, येताना बाजार करायचा. एवढंच. भाऊजींची एकही तारीख चुकली नाही ती आप्पांमुळं. सोशल वर्कर मॅडम म्हणतात पेशंट मधेच सुटतात ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला, आणि ज्याच्यासोबत माणूस असतो तो सहसा सुटत नाही.

म्हणून ज्यांना काहीतरी करायचंय पण काय करावं कळत नाही अशांसाठी लिहिते, बॅनर, रॅली राहू द्या, सोबत जा. महिन्यातला एक दिवस. बचत गटातल्या बायकांनी तर हे घ्यावंच, कारण बाईला दवाखान्यात नेणारं घरात कुणी नसतं, गटातली बाई सोबत असली की सासू पण अडवत नाही. आमच्या गटात आता दोघी तयार झाल्यात. शिकायचं असलं तर जिल्हा रुग्णालयाच्या टीमला ग्रामसभेला किंवा शाळेत बोलवता येतं, साधा अर्ज द्यायचा, ते येऊन लक्षणं कशी ओळखायची, कसं बोलायचं ते सांगतात, पैसे घेत नाहीत. आशाताईंचं तर हे कामच आहे, प्रेरणा प्रकल्प म्हणून मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी योजना निघाली, त्यात घरोघर जाऊन अडचणीतलं कुटुंब हेरायचं काम आशांकडंच आलं. पण एका आशानं बाळंतपण, लसीकरण, सर्व्हे सगळं करून हे किती करायचं? तिच्यासोबत गल्लीतली दोन माणसं उभी राहिली तर होतं. धाराशिव जिल्ह्यात शिवार फाउंडेशनवाले शेतकऱ्यांसाठी हेल्पलाइन चालवतात, त्यांचं काम पण बघण्यासारखं आहे. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीप्रमाणं २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीव दिला. ही घरं आपल्याच शिवारातली आहेत, प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी राहत होतं.

दारूचं वेगळं लिहिते कारण भाऊजींचं पिणं पण वाढलं होतं. ओपीडीतनंच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा पत्ता मिळाला. तिथं फी नाही, आडनाव विचारत नाहीत, सोडलेली माणसं स्वतःचं सांगतात, बाकीचे ऐकतात. भाऊजी पहिल्यांदा दाराशी उभे राहिले, आता जातात. घरच्यांसाठी तशीच अल-अनॉन नावाची बैठक असते, जाऊबाईंना तिथं जाऊन पहिल्यांदा वाटलं की नवऱ्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही. इतक्या वर्षांत तिला हे कुणीच म्हणालं नव्हतं, मी पण नाही.

आत्ता भाऊजी रानात जातात, हरभऱ्याला पाणी देतात, पोराला शाळेत सोडतात. कर्ज आहे तसंच आहे. गोळी रात्रीची चालू आहे, कमी झालीय. कधी दोन-तीन दिवस पुन्हा गप्प होतात तेव्हा आम्ही तारखेची वाट न बघता फोन करतो, मॅडम उचलतात.

जाणाऱ्यांसाठी: आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (बीपी-शुगरची पण) सोबत न्या. सकाळी लवकर जा, दुपारी नवा पेशंट घ्यायला त्यांना वेळ कमी असतो. आजार जुना आणि मोठा असंल, स्किझोफ्रेनियासारखा, तर दिव्यांग प्रमाणपत्राचं तिथंच विचारा, २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार धरलाय आणि ४० टक्के बसलं की यष्टीची सवलत, संजय गांधी निराधारचा अर्ज यांचा मार्ग मोकळा होतो. बाईंना एकटं बोलायचं असंल तर केसपेपर देतानाच सिस्टरला हळूच सांगा, त्या सोबतच्यांना बाहेर चहाला पाठवतात. आणि आमच्या पंचक्रोशीतलं कुणी वाचत असंल न्‌ सोबत कुणी नसंल तर आशाताईला निरोप द्या, आमच्या गटातलं कुणी ना कुणी येईल.