दारावरची पानांची माळ आणि तिचा टायमर : दोन मोसमांनंतर

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या पुढच्या दाराभोवती मी सप्टेंबरअखेर मेपलच्या कापडी पानांची, दिवे असलेली माळ लावते. ही दोन माळांची जोडी मी २०२४ मध्ये २२ डॉलरला घेतली. लांबी, रंग, दिव्यांची संख्या हे सारे विक्रेत्याने दिलेलेच असते, म्हणून ते येथे पुन्हा लिहीत नाही. माझे भांडण होते ते तिच्या टायमरशी.

तीन डबल-ए सेलच्या डबीवरचे बटण ज्या क्षणी सरकवावे, त्या क्षणापासून दिवे ६ तास चालू राहतात, १८ तास बंद राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लागतात. वेळ बदलायची असेल, तर नेमक्या त्या मिनिटाला कोणीतरी दारात उभे असावे लागते. पहिल्या वर्षी सूर्य सातच्या सुमारास मावळत असताना मी सातला बटण सरकवले आणि विसरून गेले. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्यास्त दर आठवड्याला सुमारे १० मिनिटे अलीकडे येतो. त्या वर्षी हॅलोविन ऐन दिवाळीत आला होता. साडेसहाला मुले चॉकलेटे मागायला आली, तेव्हा पोर्चमध्ये उजेड होता तो सॉकेटला जोडलेल्या आकाशकंदिलाचा, आणि चादर पांघरलेल्या एका भुताने तो हॅलोविनचाच समजून त्याचे कौतुकही केले. माळ मात्र सातला लागली आणि नेहमीप्रमाणे रात्री एकपर्यंत, बहुधा अंगणात येणाऱ्या हरणांसाठी, जळत राहिली.

विक्रेत्याला लिहिले, तर त्याने टायमर ‘ठीक चालत आहे’ असे कळवून वीस टक्के परतावा देऊ केला. तो मी घेतला. चार डॉलर चाळीस सेंट काही कमी नव्हेत. काटकसर म्हणून चार्ज होणारे सेलही घालून पाहिले. पण ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे असल्याने साध्या सेलच्या साडेचार व्होल्टऐवजी डबीला जेमतेम ३.६ व्होल्ट मिळतात, आणि दिवे आजारी दिसतात. पहिल्या मोसमानंतर सेल काढायचे राहिले, ते पोटमाळ्यावर गळले आणि डबीच्या पत्र्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर बसला. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावल्यावर तो निघाला. यात दोष माझा आहे.

याच दुकानातून घेतलेल्या रीथबद्दल, म्हणजे दारावर टांगायच्या पानांच्या गोल कड्याबद्दल, एकच सांगते : दाराबाहेर काचेचे स्टॉर्म डोअर असेल आणि दुपारचे ऊन थेट येत असेल, तर रीथ दोन दारांच्या मध्ये टांगू नये. तिथे भट्टी होते, गोंद मऊ पडतो आणि पाने एकेक करून खाली येतात. पायरीवरच्या शेवंतीच्या कुंड्यांविषयी तक्रार नाही. भोपळे खारींनी खाल्ले.

इथपर्यंतचा मजकूर गेल्या वर्षी लिहिला असता, तर मी दोन तारे दिले असते. पण २०२५ मध्ये २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवे मंदावले म्हणून मी सेल बदलले आणि योगायोगाने तेव्हा सहा वाजले होते. पुढे २ नोव्हेंबरला अमेरिकेतली उन्हाळी वेळ संपली आणि सगळी घड्याळे एक तास मागे गेली. डबीला सरकारी वेळ ठाऊक नसल्याने दिवे आता पाचला लागू लागले, आणि सूर्यास्तही नेमका पाचच्या आत आला होता. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला पाहुणे आले, तेव्हा माळ उजळलेली होती आणि अकराला आपोआप विझलीही. ज्या अडाणीपणावर मी वर्षभर चिडले होते, त्यानेच माझे काम केले. मोसमात एकदाच, योग्य दिवशी सहाला बटण सरकवले की पुरते. आता साडेतीन तारे देते. अर्धा तारा त्या गळक्या सेलसाठी कापायला हवा होता, पण तो माझ्या खात्यावर घातला आहे.

यंदा सेल काढून ठेवले आणि डबीवर चिकटपट्टी लावून ‘दिवाळीला सहा वाजता चालू करणे’ असे लिहिले. नंतर दिनदर्शिका पाहिली. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे घड्याळे मागे गेल्यानंतर येते. म्हणून ‘दिवाळीला’ खोडून ‘कोजागरीला’ केले आहे.